सातवं वचन आणि एक न्यायाधीश

आजचं वाचन : मत्तय १२:१-८



आजचा भाग आपल्या ओळखीचा आहे. शब्बाथाचा दिवस, शिष्यांना भूक लागलेली, शेतातून जाता जाता ते कणसं मोडून खातात आणि परुशी लगेच बोट दाखवतात. संडे स्कूलपासून ऐकत आलोय, त्यामुळे सातव्या वचनावरून नजर पटकन पुढे सरकते. तिथे प्रभू होशेयाची आठवण करून देतो. देवाला यज्ञाहून दया प्रिय आहे, हे त्या परुश्यांना खरंच उमगलं असतं, तर या निरपराध माणसांवर त्यांनी ठपका ठेवला नसता, असं तो सांगतो. गंमत बघा, परुशी खोटं बोलत नव्हते. कणसं खरोखर मोडली होती. नियमही खरा होता. तरीही निकाल चुकला.

सव्वातीनशे वर्षांपूर्वी हेच सातवं वचन एका न्यायाधीशाच्या कानावर पडलं, आणि त्याच्या आतलं काहीतरी हललं. आज त्याच्याबद्दल लिहिते.

सॅम्युएल सूअल. म्हणजे आपल्या मराठी बायबलमधला शमुवेल. जन्म १६५२, इंग्लंडमधल्या हॅम्पशर परगण्यात. नऊ वर्षांचा असताना कुटुंबासोबत समुद्र ओलांडून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स वसाहतीत आला. हार्वर्डला शिकला, १६७१ मध्ये पदवी घेतली. पाळक होईल असं वाटत होतं, पण १६७६ मध्ये हॅना हलशी लग्न झालं आणि आयुष्य व्यापार, छपाई, सरकारी कामकाज यांकडे वळलं. सासरे वसाहतीची चांदीची नाणी पाडायचे. मुलीला तराजूत बसवून तिच्या वजनाइतकी नाणी हुंड्यात दिली, अशी दंतकथा आहे. सुंदर आहे, पण दंतकथाच. खरी गोष्ट ही की सूअल तरुणपणापासून म्हातारपणापर्यंत, पन्नासहून जास्त वर्षांच्या काळातली रोजनिशी मागे ठेवून गेला. हवा कशी होती, कोणाचा दफनविधी झाला, प्रवचन कशावर होतं, कोणतं मूल आजारी आहे, जेवायला कोण आलं होतं. आपल्या भाषेत सांगायचं तर नेमाने क्वाएट टाइम करणारा, मंडळीतला विश्वासू, घरात शास्त्र वाचून घेणारा माणूस. हे मुद्दाम सांगतेय. पुढे जे झालं ते कोणा क्रूर किंवा नास्तिक माणसाच्या हातून झालं नाही.

१६९२ सालचं मॅसॅच्युसेट्स भेदरलेलं होतं. उत्तरेच्या सीमेवर फ्रेंच आणि वाबानाकी लोकांशी लढाई चालू, जळालेल्या वस्त्यांमधून पळून आलेले निर्वासित गावोगाव पसरलेले. वसाहतीची जुनी सनद १६८४ मध्ये रद्द झालेली, नवी अजून हातात नाही. म्हणजे कायदा नक्की कोणाचा हेही धड ठरलेलं नाही. त्यात सेलम व्हिलेज नावाच्या गावात जमिनींवरून आणि पाळकाच्या पगारावरून जुनी भांडणं. त्याच पाळकाच्या, सॅम्युएल पॅरिसच्या घरात दोन मुली, एक नऊ वर्षांची आणि एक अकरा वर्षांची, अंग पिळवटून ओरडायला लागल्या. वैद्याने सांगितलं, हे सैतानी हाताचं काम आहे. मग नावं विचारली गेली. पहिली तीन नावं कोणाची आली? घरातली गुलाम स्त्री टिटुबा, दारोदार भीक मागणारी सारा गुड, आणि गावात बदनाम झालेली, आजारी सारा ऑस्बोर्न. नेहमीप्रमाणे, ज्यांच्या बाजूने कोणी उभं राहणार नाही अशीच.

मे महिन्यात नवी सनद घेऊन गव्हर्नर विल्यम फिप्स आला, तेव्हा तुरुंग भरलेले होते. त्याने खास न्यायालय नेमलं. नऊ न्यायाधीश, प्रमुख विल्यम स्टोटन. त्या नऊ जणांत चाळीस वर्षांचा सूअल होता. कायद्याचं रीतसर शिक्षण त्यांच्यापैकी एकाचंही नव्हतं. जूनमध्ये ब्रिजेट बिशपला पहिली फाशी झाली आणि त्यानंतर नॅथॅनिएल सॉल्टनस्टॉल नावाचा न्यायाधीश या कामातून बाजूला झाला. सूअल राहिला.

आता पुरावा कसा घेत होते ते बघा, कारण सगळं इथेच आहे. पीडित मुली म्हणायच्या की अमक्या बाईची छाया येऊन आम्हाला चिमटे काढते, गळा दाबते. ती छाया फक्त त्यांनाच दिसायची. आरोपी बाई त्या वेळी स्वतःच्या घरी झोपलेली असली तरी उपयोग नाही, कारण आरोप तिच्या शरीरावर नव्हता, छायेवर होता. कोर्टात तिने मान वाकडी केली की मुलींच्या माना वाकड्या व्हायच्या. तिचा हात मुलीला लावला आणि मुलगी शांत झाली, तर तोही पुरावा. वकील नाही. आणि सगळ्यात भयंकर गोष्ट अशी की गुन्हा कबूल करणाऱ्यांना त्या वर्षी फाशी दिली गेली नाही. खोटं कबूल करणार नाही म्हणणारे फासावर गेले. अनुवादाच्या पुस्तकात मोशे दोन-तीन साक्षीदारांशिवाय माणसाला दोषी धरायला मनाई करतो. इथे साक्षीदार ढिगाने होते. पण ते सगळे अशा गोष्टीची साक्ष देत होते जी दुसऱ्या कोणाला तपासताच येत नव्हती.

रिबेका नर्सची गोष्ट वाचताना मी प्रत्येक वेळी थांबते. ७१ वर्षांची आजी, आजारी, कानाने अधू, देवभीरू म्हणून सगळ्यांना माहीत. ३९ शेजाऱ्यांनी तिच्या चांगुलपणाबद्दल सही करून अर्ज दिला. त्या दिवसांत असा अर्ज देणं म्हणजे पुढचं नाव आपलं येऊ शकतं हे पत्करणं. ज्यूरीने तिला निर्दोष ठरवलं. ऐकताच मुलींनी कोर्टात आकांत केला. मग स्टोटनने ज्यूरीला विचारलं की तिच्या एका वाक्याचा तुम्ही नीट विचार केलात का? एका कैदी बाईला साक्षीला आणलेलं पाहून, ही तर आमच्यातलीच, अशा अर्थाचं काहीतरी रिबेका बोलली होती. तिला म्हणायचं होतं, आमच्यासोबत तुरुंगात असलेली. कोर्टाने अर्थ घेतला, आमच्यासारखीच चेटकीण. ज्यूरीच्या प्रमुखाने तिला खुलासा विचारला. ती गप्प राहिली. तिला प्रश्न ऐकूच आला नव्हता. ज्यूरी परत आत गेली आणि दोषी असा निर्णय घेऊन बाहेर आली. १९ जुलैला पाच बायकांना फाशी झाली, त्यात ती होती.

त्याच दिवशी फाशी गेलेल्या सुझॅना मार्टिनने चौकशीत शास्त्राचा आधार घेऊन एक मुद्दा मांडला होता. १ शमुवेल २८ आठवा. एन-दोरच्या भूतविद्या जाणणाऱ्या बाईकडे शौल राजा जातो आणि मेलेल्या शमुवेलाचं रूप वर येतं. सुझॅनाचं म्हणणं असं की सैतान जर शमुवेलासारख्या पवित्र संदेष्ट्याचं रूप घेऊ शकतो, तर माझ्यासारखीचं का नाही घेणार? छायेच्या पुराव्याला याहून सरळ उत्तर त्या उन्हाळ्यात कोणी दिलं असेल असं मला वाटत नाही. आरोपीच्या पिंजऱ्यातल्या बाईला शास्त्र कळत होतं, ऐकणाऱ्यांना ते ऐकायचं नव्हतं.

ऑगस्टमध्ये जॉर्ज बरोज. हा स्वतः पाळक होता, हार्वर्डला सूअलच्या एकच वर्ष पुढे. सूअल त्याला ओळखत होता. फाशीच्या शिडीवर उभं राहून बरोजने प्रभूची प्रार्थना सुरुवातीपासून शेवटपर्यंत न अडखळता म्हटली. चेटूक करणाऱ्याला ती म्हणता येत नाही अशी लोकांची पक्की समजूत होती. गर्दी हलली, काही जण रडले. तेव्हा घोड्यावर बसलेल्या कॉटन मॅदर नावाच्या प्रसिद्ध पाळकाने लोकांना समजावलं की सैतान तेजस्वी देवदूताचंही सोंग घेतो. वचन खरंच आहे, २ करिंथ ११:१४. पण हेच वचन बरोजच्या प्रार्थनेला लावलं गेलं आणि मुलींना दिसलेल्या बरोजच्या छायेला लावलं गेलं नाही. सैतान सोंग घेतो ना? मग त्या छायेतच सोंग नसेल कशावरून? एक वचन एकाच बाजूला वापरायचं ठरवलं की असं होतं. सूअलने त्या दिवशी रोजनिशीत नोंद केली. मॅदरच्या मते सगळ्यांना योग्य शिक्षा झाली, आणि बरोजच्या बोलण्याने अविचारी लोक हेलावले, एवढंच. ओळखीचा माणूस मेला होता. स्वतःची शंका त्याने कागदावर येऊ दिली नाही. त्या अख्ख्या वर्षात या खटल्यांबद्दल त्याने फारच थोडं लिहिलंय.

सप्टेंबरमध्ये ऐंशीच्या घरातल्या जाइल्स कोरीने खटला चालवायला मान्यता दिली नाही म्हणून त्याच्या छातीवर दगड रचत रचत त्याला मारलं. रिबेकाची बहीण मेरी ईस्टी हिने मरण्याआधी अर्ज लिहिला. स्वतःचा जीव मागण्यासाठी नाही, तर पुढे आणखी निष्पापांचं रक्त सांडू नये, तपासाची पद्धत बदला, हे सांगायला. तिला २२ सप्टेंबरला फाशी झाली. एकूण १९ जणांना फाशी, कोरी विसावा, आणि किमान पाच जण तुरुंगात गेले. सारा गुडची चार-पाच वर्षांची मुलगीसुद्धा बेड्यांमध्ये होती. ऑक्टोबरमध्ये कॉटनचे वडील इन्क्रीस मॅदर यांनी मंडळींच्या पाळकांपुढे मांडलं की एका निर्दोषाला शिक्षा होण्यापेक्षा दहा संशयित सुटलेले बरे. त्याच महिन्यात गव्हर्नरने ते न्यायालय बंद केलं.

इथे थोडं थांबते. १ जुलै २०१८ ला आपल्या धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच भिक्षेकरी माणसांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. मोबाइलवर फिरणाऱ्या अफवा लोकांच्या डोक्यात बसलेल्या होत्या. अशा बातम्या वाचून आपण म्हणतो, अडाणी जमाव. सेलममध्ये जमावाने मारलं नाही. तिथे कोर्ट होतं, ज्यूरी होती, शपथा होत्या, सुरुवातीला प्रार्थना होती, हार्वर्ड शिकलेले लोक होते. राईनपाड्याच्या बातमीने मला राग येतो. सेलमची मला भीती वाटते, कारण तिथल्या लोकांसारखी मी आहे, तुम्हीही आहात. आपण हातात दगड घेणारे नाही. आपण न्यायासाठी तळमळणारे आहोत, स्क्रीनशॉट पुढे पाठवणारे आहोत, मंडळीच्या ग्रुपवर अमुक भाऊ खोटा शिक्षक आहे असं आलं की आमेन टाकणारे आहोत.

मग कोणी तक्रार केली तर ऐकायचंच नाही का? हा प्रश्न मला आमच्या यूथ ग्रुपमध्ये विचारला गेलाय, आणि तो योग्य प्रश्न आहे. त्या दोन मुलींना नक्की काय होत होतं यावर आजही एकमत नाही. त्यांचं दुःख खरं असू शकतं. रडणाऱ्याजवळ बसायला पुरावा लागत नाही. दुसऱ्याच्या गळ्यात दोर घालायला लागतो. नीतिसूत्रे १८:१७ काढून बघा, पहिल्याने बाजू मांडली की ती खरीच वाटते, दुसरा येऊन तपासेपर्यंत. आणि योहान ७ मध्ये निकदेम एकटाच उठून विचारतो की माणसाचं ऐकून घेण्याआधी आपलं नियमशास्त्र त्याला दोषी ठरवतं का? त्यावर त्याला काय मिळालं? तूही गालीलाचा आहेस का, असा टोमणा. संशयाच्या काळात प्रश्न विचारणाराच संशयित होतो. सेलममध्येही तेच झालं. खटल्यांवर शंका घेणारे बरेच जण पुढच्या आठवड्यात स्वतः आरोपी होते.

पुन्हा सूअलकडे. खटले संपल्यावर चार वर्षं तो बॉस्टनमध्ये नेहमीसारखा जगत होता, न्यायाधीश म्हणून कामही करत होता. १६९६ साल त्याच्या घराला जड गेलं. मे महिन्यात एक मुलगा मृत जन्मला. २३ डिसेंबरला दोन वर्षांची सारा गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी, लेकरू अजून पुरलेलं नाही, घरात नेहमीप्रमाणे शास्त्रवाचन झालं. अठरा वर्षांचा थोरला मुलगा सॅम याने वडिलांपुढे लॅटिनमध्ये मत्तयाचा बारावा अध्याय म्हटला, सहाव्या वचनापासून बाराव्यापर्यंत. मध्ये सातवं आलं. निर्दोषांना दोषी ठरवलं नसतं, हा भाग आला. सूअलने रोजनिशीत लिहून ठेवलंय की त्या वचनाने सेलमची शोकांतिका भयंकर रीतीने त्याच्या मनात उभी केली.

मुलांचे मृत्यू ही आपल्याला मिळालेली शिक्षा आहे, असं सूअलला वाटत होतं. मी हे मानत नाही. योहान ९ मध्ये जन्मांधाबद्दल शिष्य असाच हिशोब मांडायला जातात आणि प्रभू तो हिशोबच नाकारतो. पण त्या बापाला त्या सकाळी काय वाटलं असेल त्यावर वाद घालायची माझी इच्छा नाही.

तीन आठवड्यांनी, १४ जानेवारी १६९७ ला, सगळ्या वसाहतीत उपासाचा दिवस पाळला गेला. बॉस्टनच्या साउथ चर्चमध्ये सूअलने एक कागद पाळक सॅम्युएल विलर्ड यांच्या हातात दिला. विलर्ड तो मोठ्याने वाचत असताना सूअल आपल्या जागी सगळ्यांदेखत उभा राहिला. वाचून झाल्यावर त्याने मान लववली आणि मग बसला. कागदात होतं की सेलमच्या न्यायालयाच्या दोषात आपला वाटा आहे, तो दोष आणि त्याची लाज आपण स्वतःवर घेतो, माणसांची क्षमा मागतो आणि विशेष करून देवाची, आणि देवाने आपल्या पापाची शिक्षा देशाला देऊ नये. काळ तसा होता, फसवणूक झाली, सगळेच म्हणत होते, असलं काही त्यात नव्हतं.

त्या काळात बारा ज्यूरींनीही मिळून माफीनामा लिहिला. १७०६ मध्ये, आरोप करणाऱ्या मुलींपैकी ॲन पुटनम, तेव्हा तिशीच्या आसपास, मंडळीपुढे उभी राहिली. नऊ न्यायाधीशांपैकी असा उघड उभा राहिलेला सूअल एकटाच. स्टोटनने शेवटपर्यंत काहीही मागे घेतलं नाही.  तरी सूअलच्या कागदात मेलेल्यांची नावं नव्हती. रिबेकाचं नाव नाही, मेरीचं नाही, बरोजचं नाही. मला ते खटकतं. एकोणीस कुटुंबं ती नावं ऐकायला थांबलेली असतील.

पण तो तिथे थांबला नाही. १७०० मध्ये त्याने योसेफाला भावांनी विकल्याच्या गोष्टीवरून गुलामगिरीविरुद्ध एक छोटी पुस्तिका छापली. न्यू इंग्लंडमध्ये गुलामगिरीविरुद्ध छापलेलं हे पहिलं लेखन मानतात. निमित्त होतं ॲडम नावाचा एक गुलाम, ज्याला मालकाने स्वातंत्र्याचं वचन देऊन मोडलं होतं. मालक जॉन सॅफिन, तोही न्यायाधीश. त्याने चिडून उलट पुस्तिका काढली. १७०३ मध्ये ॲडम मोकळा झाला. या वेळी सूअल सत्तेवरच्या माणसाविरुद्ध आणि ज्याच्या बाजूने कोणी नाही त्याच्या बाजूने उभा होता.

बाकी आयुष्यात तो हट्टी, कंजूष आणि मजेशीरही होता. हॅना १७१७ मध्ये गेल्यावर म्हातारपणी एका विधवेला मागणी घालायला गेला. तिला घोडागाडी हवी होती आणि याने डोक्यावर केसांचा टोप घालावा असं वाटत होतं. टोपांचा त्याला मनापासून तिटकारा. जमलं नाही. हे सगळं त्याने स्वतःच रोजनिशीत लिहिलंय. १७१८ ते १७२८ तो मॅसॅच्युसेट्सचा मुख्य न्यायाधीश होता. १ जानेवारी १७३० ला बॉस्टनमध्ये वारला.

मेलेल्यांच्या नावांना मात्र वेळ लागला. १७११ मध्ये सरकारने बऱ्याच जणांवरचा दोष रद्द केला आणि वारसांना भरपाई दिली, पण काही नावं त्या यादीत आलीच नाहीत. एलिझाबेथ जॉन्सन या शेवटच्या बाईवरचा दोष २०२२ मध्ये काढला गेला, आणि त्यासाठी पाठपुरावा केला होता नॉर्थ अँडोव्हरमधल्या आठवीच्या शाळकरी मुलांनी.

त्या डिसेंबरच्या सकाळी सॅमने म्हटलेला भाग सातव्या वचनाच्या पुढे सभास्थानात जातो, हात वाळलेल्या माणसापर्यंत. तिथेही परुशी आहेतच, येशूवर दोष ठेवायला कारण शोधत. तो भाग उद्या घेऊ, मत्तय १२:९-१४. जमलं तर आज रात्री एकदा वाचून ठेवा.